निकालातला दोष अजून बाहेर कुणालाच माहीत नाही. आधी कुणाला आणि काय सांगायचं?

पडद्यामागची

नमस्कार. मी एका संस्थेत जनसंपर्क आणि अंतर्गत संवाद अशी दोन्ही कामं बघते. संस्था व्यावसायिक प्रमाणपत्राच्या परीक्षा घेते. आमचं प्रमाणपत्र हातात असेल तर लोकांना बढती मिळते, काही पदांवर तर त्याशिवाय नेमणूकच होत नाही. आमच्याकडे दोन-चार गुण इकडचे तिकडे झाले तर कुणाचं तरी अख्खं वर्ष वाया जातं.

झालंय असं, की मागच्या सत्रात एका विषयाच्या प्रश्नपत्रिकेचे दोन संच होते. उत्तरसूची संगणकावर चढवताना काही प्रश्नांची उत्तरं एका संचातून दुसऱ्यात गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि निकाल लागला. मग एका उमेदवाराने फेरतपासणीचा अर्ज केला, परीक्षकांनी उत्तरपत्रिका हाताने तपासली आणि गुण जुळेनात. तिथून मागे मागे जात मूळ दोष सापडला. काही जण पास असून नापास ठरलेत, थोडे नापास असून पास झालेत. एकूण किती ते अजून ठरायचंय, कारण सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला घेतल्यात.

बैठकीत तीन मतं पडली. संचालकांचं म्हणणं, गाजावाजा नको, ज्यांचा निकाल बदलतो त्यांना "नियमित पडताळणीत आपल्या निकालात बदल झाला आहे" अशा दोन ओळींचा मेल जाऊ दे. कायदे विभागाचं म्हणणं, चौकशी पूर्ण होईपर्यंत लेखी एक अक्षर नको. तिसरं मत असं, की आपणच एक प्रसिद्धिपत्रक काढू आणि "गुणवत्ता वाढवण्यासाठी फेरपडताळणी मोहीम" म्हणून ही गोष्ट मांडू. तिन्हींचे मसुदे मला करायला सांगितलेत.

मला यातला एकही लिहायचा नाही. पण "मला पटत नाही" एवढं म्हणून बैठकीत भागत नाही, कारणं द्यावी लागतात. आधी कुणाला सांगायचं? आकडा हातात नसताना तोंड उघडायचं का? पत्रकारांना आपण होऊन कळवायचं की कुणी विचारेपर्यंत थांबायचं? ज्यांनी अशा प्रसंगात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढची बैठक लवकरच आहे.

---

माजी_प्रवक्ती

ज्या उमेदवाराच्या अर्जामुळे हे सापडलं, त्याला आत्ता काय सांगितलंय? तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे. "तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे" असं सांगून ठेवलं असेल तर पहिला फोन त्यालाच जायला हवा. बाहेरच्या जगात काहीतरी गडबड आहे याची शंका असलेला तो एकमेव माणूस आहे. त्याला तुम्ही झुलवत ठेवलं तर पुढे तुमचं निवेदन कितीही सरळ असो, त्याची हकीकत त्या निवेदनाच्या आधी छापून येईल. आणि ते रास्तच असेल.

मी बरीच वर्षं मोठ्या संस्थांच्या वतीने बोलण्याचं काम केलं. आता तरुण प्रवक्त्यांना शिकवते. शिकवताना मी ब्रिटनच्या टपाल खात्याच्या 'होरायझन' प्रणालीचं प्रकरण कधीच टाळत नाही. 1999 पासून तिथल्या टपाल शाखांमध्ये हिशेबाची ही संगणकप्रणाली बसवली. हिशेबात तूट दिसायला लागली, शाखा चालवणारे लोक मदतकेंद्राला फोन करून सांगू लागले की पैसे आम्ही घेतले नाहीत, यंत्रणाच चुकतेय. त्यातल्या अनेकांना उत्तर मिळालं, की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. प्रणाली भक्कम आहे, हे पालुपद संस्थेने वर्षानुवर्षं सोडलं नाही. 900 पेक्षा जास्त लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, दिवाळखोर झाले. शेवटी 555 जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर 2019 च्या निकालात न्यायाधीशांनी संस्थेच्या या हटवादाची तुलना पृथ्वी सपाट आहे असं म्हणत राहण्याशी केली. तिथे लिहिणारी माणसं कमी नव्हती, निवेदनं व्यवस्थित निघत होती. पण तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला एकटं पाडणं हीच संवादाची पद्धत होऊन बसली होती. तुमच्या संचालकांचा दोन ओळींचा मेल नेमकं तेच करतो. प्रत्येकाला वेगळा मेल, प्रत्येकाला वाटणार हे फक्त माझ्यापुरतं आहे. मग दोन उमेदवार कुठेतरी भेटतील, मेल शब्दशः सारखे निघतील, आणि "नियमित पडताळणी" म्हणजे काय याचा अर्थ ते त्यांचा ते लावतील.

तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचं उदाहरण अमेरिकेतल्या सॅट या महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेचं आहे. ऑक्टोबर 2005 च्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका दमट हवेमुळे किंचित फुगल्या, यंत्राला काही खुणा नीट वाचता आल्या नाहीत आणि हजारो मुलांना कमी गुण पडले. तिथेही दोष सापडला तो दोन विद्यार्थ्यांनी हाताने तपासणी मागितली म्हणून, डिसेंबरात. महाविद्यालयांना कळवलं गेलं मार्च 2006 मध्ये, म्हणजे प्रवेशाचे निर्णय होत असताना. आणि मग खरी पडझड झाली ती आकड्यांत. आधी सुमारे 4,000 म्हणाले. नंतर कळलं की 1,600 उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या राहूनच गेल्या होत्या. त्यानंतर आणखी 27,000 राहिल्याचं निघालं. शेवटचा आकडा 4,411 वर थांबला. बघा, पहिला आणि शेवटचा आकडा यांत काही आभाळाएवढा फरक नाही. पण दर वेळी नवी दुरुस्ती आली की लोकांनी आधीची सगळी विधानं संशयाने वाचली. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि भरपाई द्यावी लागली ती वेगळीच.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तोंड उघडा, पण आकडा देऊ नका. "या विषयाच्या या सत्रातल्या सगळ्या उत्तरपत्रिका आम्ही पुन्हा तपासत आहोत" हे विधान उद्याही खरं राहील, महिन्यानेही राहील. "सुमारे इतक्या जणांवर परिणाम" हे विधान उद्या खोटं ठरू शकतं. व्याप्ती सांगा, अंदाज सांगू नका. सोबत पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार ते सांगा, आणि त्या तारखेला सांगण्यासारखं काही नसलं तरी तसं सांगायला या. ही तारीख पाळणं मी निवेदनातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा मोलाचं मानते. लोक घाबरतात ते पुढे काय होणार आणि कधी, हे कळत नाही म्हणून. तारीख मिळाली की निम्मे फोन कमी होतात.

आता क्रम. तो उमेदवार. मग तुमचे स्वतःचे फोन घेणारे आणि मेलला उत्तरं देणारे कर्मचारी, कारण मेल गेल्याच्या दुसऱ्या मिनिटाला त्यांचेच फोन वाजणार आहेत. मग त्या विषयाला बसलेले सगळे उमेदवार, फक्त निकाल बदललेले नव्हेत. ज्याचा निकाल बदलला नाही त्यालाही प्रश्न पडणारच. मग तुमच्या प्रमाणपत्रावर विसंबून नेमणुका करणाऱ्या संस्था. मग पत्रकार. हे सगळं एकाच दिवसात, जमलं तर काही तासांत व्हावं. कर्मचाऱ्यांना बातमी बाहेरून कळली तर ते मनातून तुटतात, आणि त्या मनाने ते उमेदवारांशी बोलतात.

एक सूचना बैठकीसाठी. कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांचं उदाहरण काढेलच, जनसंपर्काच्या प्रत्येक बैठकीत ते निघतं. 1982 मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी गोळ्यांत सायनाइड मिसळलं, 7 माणसं गेली, कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि विश्वास परत मिळवला. उदाहरण मोठंच आहे. पण तिथे कंपनी स्वतः दुसऱ्याच्या गुन्ह्याची बळी होती. टिमथी कूम्ब्स या अभ्यासकाने संकटांची जी विभागणी केली तिचा गाभाच हा आहे, की लोक जबाबदारी किती आणि कुणावर टाकतात हे आधी बघा. संस्था बळी असेल, अपघात झाला असेल, किंवा टाळता येण्यासारखी गोष्ट टाळली नसेल, या तिन्हींत लोकांची अपेक्षा वेगळी असते. तुमचा प्रसंग तिसऱ्याच्या जवळ जाणारा आहे. उत्तरसूची चढवल्यावर दुसऱ्या माणसाने पडताळायची पद्धत होती का? नव्हती तर हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार, आणि त्याचं उत्तर जनसंपर्क विभागाला सजवून देता येणार नाही. ते परीक्षा विभागाने पद्धत बदलूनच द्यायचं आहे.

कूम्ब्सचीच आणखी एक गोष्ट मला फार पटते. संकटात आधी लोकांना काय करायचं ते सांगा, मग त्यांच्या त्रासाची दखल घ्या, प्रतिमेचा विचार त्यानंतर. तुमच्यासमोरचे तिन्ही मसुदे प्रतिमेपासून सुरू होतात.

---

कलम_पोटकलम

मी वकील आहे आणि संस्थांनाच सल्ला देतो, त्यामुळे कायदे विभागाची बाजू थोडी मांडतो. ते घाबरट आहेत असं समजू नका. त्यांना दिसतंय की नोकरी गेलेला एखादा उमेदवार नुकसानभरपाई मागेल आणि तुमचं निवेदन त्याच्या अर्जाला जोडलेलं असेल. ही भीती खरी आहे.

पण "लेखी एक अक्षर नको" हा सल्ला मी देणार नाही. दोष माहीत असूनही संस्था गप्प बसली आणि त्या काळात आणखी कुणाचं नुकसान झालं, तर ते गप्प बसणं मूळ दोषापेक्षा जास्त महागात पडतं. मूळ दोष अनवधानाने झाला असं म्हणता येईल. मौन मात्र ठरवून पाळलेलं असतं, आणि त्याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात असते.

दिलगिरी म्हणजे गुन्ह्याची कबुली, हे समीकरणही सगळीकडे खरं नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या 2006 च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये स्पष्ट म्हटलंय की नुसती माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणा कबूल करणं नव्हे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने त्याच वर्षी माफीबद्दल स्वतंत्र कायदा केला. तुमच्या इथे काय लागू आहे ते तुमच्या वकिलांनी लेखी द्यावं. तोंडी "धोका आहे" यावर थांबू नका. आणि ज्या क्षेत्रात दाव्यांची भीती सगळ्यात मोठी, त्या वैद्यकीय क्षेत्रातलं उदाहरण बैठकीत ठेवा: अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून उपचारातल्या चुका स्वतःहून रुग्णांना सांगणं आणि योग्य तिथे भरपाई देऊ करणं सुरू केलं. त्यानंतर त्यांच्यावरचे दावे घटले.

काय जपायचं ते सांगतो. काय घडलं ते सांगा, पण का घडलं याचे तर्क चौकशी संपेपर्यंत करू नका. कुणा कर्मचाऱ्याचं किंवा पुरवठादाराचं नाव घेऊ नका. विमा असेल तर विमा कंपनीला आधी कळवा, नाहीतर संरक्षण जाऊ शकतं. मूळ फायली, नोंदी, संगणकावरच्या बदलांचा इतिहास गोठवून ठेवा, कुणी "नीटनेटकं" करायला जाऊ नये. आणि पडद्यामागची, विनंती आहे की इथेही आता लिहिलंय त्याहून जास्त तपशील लिहू नका.

---

उपसंपादक

मी बातम्यांच्या टेबलावर बसतो, त्यामुळे पलीकडची बाजू सांगू शकतो.

तुमचं "गुणवत्ता वाढवण्यासाठी फेरपडताळणी मोहीम" असं प्रसिद्धिपत्रक माझ्याकडे आलं तर मी एकच करेन, निकाल लागून गेल्यावर पडताळणी कशाला असं विचारायला फोन लावेन. ज्या संस्थेने आजवर कधी मोहीम काढली नाही तिने अचानक का काढली, हा प्रश्न नव्या वार्ताहरालाही पडतो. मग मी उमेदवार शोधेन. उमेदवार सापडतातच, समाजमाध्यमांवर त्यांचे गट असतात. आणि मग माझी बातमी उत्तरसूचीची राहणार नाही, लपवाछपवीची होईल. पहिली बातमी आतल्या पानावरची आहे, दुसरी पहिल्या पानावरची.

स्वतःहून सांगितलं तर काय होतं? माझ्याकडे येतं ते संपूर्ण, त्यात उकरून काढायला फारसं उरत नाही. संशोधकांनीही यावर बरेच प्रयोग केलेत. वाईट बातमी संस्थेने स्वतः आधी सांगितली तर वाचक तिला जास्त विश्वासार्ह मानतात आणि प्रकरण तुलनेने कमी गंभीर समजतात. हे काही नवं नाही. 1906 मध्ये आयव्ही ली या माजी वार्ताहराने अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया रेल्वेला अपघाताची माहिती दाबण्याऐवजी वार्ताहरांना थेट जागेवर न्यायला लावलं. रेल्वे कंपन्यांची तोवरची रीत दारं बंद करण्याची होती.

आम्हाला खरं काय लागतं ते सांगतो. फोन उचलणारा एक माणूस, ज्याला विषय कळतो. "पाच वाजता सांगतो" म्हटलं तर पाच वाजता फोन. "ते अजून माहीत नाही" असं सरळ वाक्य, कारण ते मी छापू शकतो आणि त्याने तुमचं काही बिघडत नाही. "प्रतिक्रिया देण्यास नकार दिला" हेही मी छापतो, आणि वाचक ते कसं वाचतो हे तुम्हाला माहीत आहे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी निवेदन सोडू नका. ती युक्ती आम्ही ओळखतो, आणि त्या वेळी तुमच्याकडे फोन उचलायला कुणी नसतं, त्यामुळे सगळा त्रास उमेदवारांना होतो.

---

पडद्यामागची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली. सॅटचं उदाहरण आणि मौनाची नोंद इतिवृत्तात असते हा मुद्दा, या दोन गोष्टींनी चित्र बदललं. त्या उमेदवाराला परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी स्वतः फोन केला. सगळ्या उमेदवारांना कळवायचं ठरलंय. कायदे विभागाने मसुदा बघून द्यायचं कबूल केलं.

अडलंय तीन ठिकाणी. एक, जे चुकून पास झाले त्यांचं काय, यावर अजून एकमत नाही, आणि "तोवर मेलमध्ये त्याचा उल्लेखच नको" असा सूर आहे. दोन, मेल कुणाच्या सहीने जावा. संचालक म्हणतात जनसंपर्क विभागाच्या. तीन, वित्त विभागाने विचारलंय की या सगळ्या संवादाचं यश मोजणार कसं, किती बातम्या छापून आल्या आणि त्या जागेची जाहिरातीच्या दराने किंमत किती याचा तक्ता द्या. आमच्याकडे आजवर असाच तक्ता जात आलाय.

---

आकडेमोड

तिसऱ्यावर मी लिहितो, माझं कामच संवादाचं मोजमाप करण्याचं आहे.

छापून आलेल्या जागेला जाहिरातीचा दर लावण्याच्या पद्धतीला या क्षेत्राने 2010 मध्येच अधिकृतपणे नाकारलंय. त्या वर्षी बार्सिलोनात मोजमाप करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेत जी तत्त्वं ठरली, त्यांत हे स्पष्ट आहे की जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत म्हणजे संवादाचं मोल नव्हे. पुढच्या सुधारित आवृत्त्यांतही ते कायम आहे. तुमच्या प्रसंगात तर तो तक्ता उलटाच चालेल. लपवाछपवीची बातमी पहिल्या पानावर चार रकान्यांत आली तर त्या पद्धतीने तुमचं "यश" सगळ्यात मोठं ठरेल. वित्त विभागाला हे एवढंच उदाहरण द्या, त्यांना आकडे कळतात.

मोजायचं काय? किती उमेदवारांपर्यंत मेल पोहोचला आणि उघडला गेला, किती परत आले. परत आलेल्यांना फोन झाले का. मदतकेंद्रावर येणाऱ्या प्रश्नांत "मला काय करावं लागेल" हा प्रश्न किती वेळा येतो: तो वारंवार येत असेल तर मेल नीट लिहिलेला नाही, त्याच दिवशी दुरुस्त करून पुन्हा पाठवा. फेरनिकालानंतर किती जणांनी पुन्हा आव्हान दिलं. नेमणुका करणाऱ्या संस्थांपैकी किती जणांनी प्रमाणपत्र स्वीकारणं थांबवलं, आणि पुन्हा कधी सुरू केलं. पुढच्या सत्रात त्या विषयाची नोंदणी किती झाली. बातम्या मोजायच्याच तर एवढं बघा, की त्यांत आपली माहिती अचूक आली का आणि उमेदवाराने पुढे काय करायचं ते आलं का.

आजची स्थिती आत्ताच नोंदवून ठेवा. मेल गेल्यानंतर मोजायला सुरुवात केली तर तुलना कशाशी करणार?

---

माजी_प्रवक्ती

फोन केला हे वाचून बरं वाटलं. आता पहिला आणि दुसरा मुद्दा.

चुकून पास झालेल्यांबद्दल निर्णय घेणं आपलं काम नाही. पण निर्णय झाल्याशिवाय मेल जाऊ नये म्हणून अडून बसणं आपलं काम आहे. सॅटच्या वेळी सुमारे 600 जणांना जास्त गुण गेले होते आणि ते तसेच ठेवले गेले. त्या निर्णयावर टीका झाली, पण निर्णय होता, सांगता येत होता. तुमच्याकडे तसंच करावं असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्या प्रमाणपत्रावर लोकांना थेट कामाची जबाबदारी मिळते. कदाचित विनाशुल्क फेरपरीक्षा आणि तोवर प्रमाणपत्र तात्पुरतं वैध, असा काही मार्ग असेल. परीक्षा विभागाने ठरवावं. पण उल्लेखच टाळला तर पहिल्या तासात कुणीतरी विचारेल, "आणि जे पास झाले त्यांचं काय?" आणि फोनवर बसलेल्या मुलीकडे उत्तर नसेल. ऑगस्ट 2020 मध्ये इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या, म्हणजे शाळेच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेच्या, निकालाचं असंच झालं. कोरोनामुळे परीक्षा झाल्याच नव्हत्या, सूत्राने गुण काढले, जवळपास 40 टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा खाली आल्या. 13 तारखेला निकाल, आणि 17 तारखेला संपूर्ण माघार. मधल्या दिवसांत अधिकृत खुलासे कमी झाले नव्हते. निर्णयच टिकणारा नव्हता, आणि कुठल्याही निवेदनाने तो टिकला नसता. म्हणून म्हणते, जनसंपर्काचं माणूस निर्णयाच्या खोलीत हवं. निर्णय झाल्यावर दाराशी कागद घेऊन उभं राहायला नव्हे, तर "हे लोकांना सांगताना आपण कुठे अडकू" हे आधी विचारायला. जनसंपर्क क्षेत्रातले अमेरिकन आर्थर पेज 1927 मध्ये एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत थेट उपाध्यक्ष म्हणून आले, त्यामागची अट हीच होती की धोरणात त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल.

सही संचालकांचीच हवी. ज्याच्या अधिकारात निकाल बदलणं आहे त्याने सांगायचं. जनसंपर्क विभागाची सही बघून उमेदवाराला कळतं की जबाबदार माणूस समोर आलेला नाही.

ज्या कर्मचाऱ्याच्या हातून उत्तरं चढवली गेली, त्याचं नाव आतही फिरू देऊ नका. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत 31 जानेवारी 2017 ला एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, सुमारे 6 तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी त्याच वेळी लोकांना वाचायला खुल्या ठेवल्या, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं, बॅकअपच्या पद्धती एकामागून एक का निकामी ठरल्या तेही लिहिलं. पण नंतरच्या सविस्तर अहवालात त्या माणसाचा उल्लेख "टीम-सदस्य-1" एवढाच आहे. सगळं उघड करूनही एका माणसाला वाऱ्यावर न सोडणं जमतं, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं. तुमच्या आतल्या पत्रात हे वाक्य असू दे: "ही त्रुटी एका व्यक्तीची नाही, दुसरी पडताळणी नसलेल्या आपल्या पद्धतीची आहे." अर्थात ते खरं असेल तरच.

मेलचा मसुदा मी असा करेन. तुमच्या वकिलांना दाखवून बदला:

"या सत्रातल्या या विषयाच्या निकालात आमच्याकडून त्रुटी राहिली आहे. उत्तरसूची प्रणालीत भरताना काही उत्तरं चुकीच्या संचात नोंदवली गेली. त्यामुळे काही उमेदवारांना प्रत्यक्षापेक्षा कमी, तर काहींना जास्त गुण मिळाले. आम्ही या विषयाच्या सर्व उत्तरपत्रिका पुन्हा तपासत आहोत. तुम्हाला अर्ज करण्याची किंवा शुल्क भरण्याची गरज नाही. तुमचा निकाल बदलला असो वा नसो, आम्ही या तारखेपर्यंत तुम्हाला स्वतंत्रपणे कळवू. या निकालामुळे तुमची नेमणूक किंवा बढती अडली असेल तर या क्रमांकावर सांगा, आम्ही तुमच्या संस्थेला लेखी पत्र देऊ. ज्यांचे गुण कमी होतील त्यांच्याबाबतचा निर्णय खाली दिला आहे. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मी संस्थेच्या वतीने माफी मागतो."

नेमणूक अडलेल्यांसाठी लेखी पत्र, ही ओळ कुणी काढायला सांगितली तर भांडा. या मेलमधली प्रत्यक्ष मदत तीच आहे, बाकी सगळी माहिती आहे.

माहितीचं पान तुमच्या नेहमीच्या संकेतस्थळावरच ठेवा. 2017 मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकन कंपनीने माहितीचोरीनंतर वेगळ्याच नावाचं संकेतस्थळ उघडलं, आणि पुढे त्यांच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून शब्दांची उलटापालट केलेल्या भलत्याच पत्त्याचा दुवा लोकांना पाठवला गेला. सुदैवाने ते बनावट पान लोकांना सावध करण्यासाठीच कुणीतरी बनवलं होतं. घाबरलेल्या माणसाला नवा पत्ता देऊ नये.

आणि पाठवण्याआधी मसुदा मदतकेंद्रावर बसणाऱ्या तिघा-चौघांना मोठ्याने वाचायला द्या. "समोरचा इथे काय विचारेल?" एवढंच त्यांना विचारा. उमेदवारांचे प्रश्न त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. ते जिथे थांबतील तिथलं वाक्य बदला, मग संचालकांकडे सहीला न्या.